पंपावर ऑक्टेन लिहा, इथेनॉलही लिहा




ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव गेटांवर जिप्सी चालवणारी पोरं असोत की आलापल्ली-भामरागड रस्त्यावर मोटारसायकल दामटणारी माणसं, एक समज सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलेला आहे : महागडं पेट्रोल टाकलं की इंजिनाला ताकद येते. ‘दादा, पॉवर टाका’ असं पंपावर हौसेनं सांगितलं जातं आणि लिटरमागे जास्तीचे पैसे मोजले जातात. शेतावर किंवा रिसॉर्टवर फिरवायला एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची, रस्त्याबाहेर चालणारी छोटी गाडी, घेऊ पाहणारे तर पहिला प्रश्न हाच विचारतात, की सगळ्यात जास्त ऑक्टेनचं पेट्रोल कुठं मिळेल. मी चंद्रपुरात गाड्या दुरुस्त करतो, म्हणून हे पत्र. ऑक्टेन किती हवं हे इंजिनाच्या रचनेवरून ठरतं. आणि चंद्रपूर-गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत तर इथेनॉल आणि पाणी यांचा विचार केल्याशिवाय नुसत्या ऑक्टेनच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. तो विचार ग्राहकाने करायचा कसा, जर पंपावर काही लिहिलेलंच नसेल?

ऑक्टेन हे पेट्रोलची ताकद मोजायचं माप नाही. प्लगची ठिणगी पडली की ज्योत सिलिंडरभर पसरत जायला हवी. ती पोचायच्या आत कोपऱ्यातलं दाबलेलं, तापलेलं मिश्रण आपोआप भडकलं, तर इंजिन ठोकायला लागतं. चढावर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की जी टकटक ऐकू येते, ती हीच. हे असं भडकणं पेट्रोल किती रोखून धरतं, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. कॉम्प्रेशन जास्त तर आकडा मोठा हवा, टर्बो असेल तर आणखी मोठा. मारुती जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनाचं कॉम्प्रेशन साधारण नऊला एक. तिला ९१ ऑक्टेन पुरून उरतं. तिच्या टाकीत दीडपट भावाचं १०० ऑक्टेन ओतलं तरी तिची ओढ वाढत नाही, कारण मुळात ती ठोकतच नव्हती. हां, चंद्रपूरचा मे महिना ४६-४७ अंशांवर जातो, इंजिनात शिरणारी हवाच तापलेली असते आणि ठोकण्याची शक्यता वाढते. म्हणून कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नये, हे मला मान्य आहे. वर जायचं तर मात्र कारण हवं.

एटीव्हीवाल्यांची गफलत निराळीच होते. अमेरिकी बनावटीच्या गाडीच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाजवळ ८७ नाहीतर ९१ लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या पेट्रोलचा आकडा ९१, म्हणजे काम झालं, असं वाटतं. पण ते आकडे एका मापाचे नाहीत. आपल्याकडे आरओएन, म्हणजे रिसर्च पद्धतीने काढलेला आकडा वापरतात. अमेरिकेत रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी पंपावर लिहितात, आणि ती नेहमी कमी भरते. अमेरिकेतलं ८७ म्हणजे आपल्याकडचं ९१-९२, आणि तिथलं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. टर्बो लावलेल्या एटीव्हीने अमेरिकी ९१ मागितलं असेल आणि तुम्ही आपल्याकडचं ९१ भरलं, तर तुम्ही तिला चार-पाच अंकांनी कमी दिलं. वाळूतून, चिखलातून पूर्ण थ्रॉटलवर चालणाऱ्या इंजिनाला एवढा फरक पिस्टन जाळायला पुरेसा ठरू शकतो.

आता ९१ चा जमाना गेला, असं कुणी म्हणेल, आणि ते खरं आहे. पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की पूर्वीचं ८८ ऑक्टेनचं पेट्रोल बीएस-६ च्या वेळी ९१ झालं आणि २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते ९५ वर गेलं. म्हणजे ऑक्टेनचा प्रश्न साध्या पेट्रोलनेच बहुतेक सुटला. पण ज्या इथेनॉलने तो सोडवला, त्यानेच दुसरा उभा केला. एटीव्हीच्या पुस्तिका सहसा १० टक्क्यांच्या वर इथेनॉल नको म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १५ टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला परवानगी दिली ती २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींना. मोटारसायकली, बोटी आणि एटीव्ही यांना ते टाकायला तिथे बंदी आहे. जे इंजिन तिथे १५ टक्क्यांना चालत नाही, ते इथे २० टक्क्यांवर चालवायचं आणि वर ‘ऑक्टेन कोणतं?’ असं विचारायचं! इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर चालणाऱ्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, सुरुवातीला अडखळतं. जुने रबरी पाइप आणि सील फुगतात, कडक होतात. ऑक्टेन वाढवून यातलं काहीही दुरुस्त होत नाही.

आणि मग येतो आपला पावसाळा. ताडोबाच्या कोअर जंगलाचे दरवाजे जुलै ते सप्टेंबर बंद असतात, जिप्स्या टिनाच्या शेडखाली उभ्या राहतात. ऑक्टोबरमध्ये गाडी सुरू होत नाही म्हणून माझ्याकडे ओढून आणतात. अशाच एका जुन्या कार्बोरेटरच्या जिप्सीच्या टाकीतलं पेट्रोल मी काचेच्या बाटलीत काढलं. बाटलीत दोन थर दिसले. वर पिवळसर पेट्रोल, तळाला तीन बोटं स्वच्छ, जडसर पाणी. बाटली हलवली की सगळं गढूळ व्हायचं आणि मिनिटाभरात पुन्हा तीच रेघ दिसायची. झाकणाचा जुना रबर फाटून पाणी आत झिरपलं होतं. पण तळाचा तो थर नुसत्या पाण्याचा नव्हता, त्यात इथेनॉलही उतरलं होतं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं. हवं तर कुणीही पाहावं : मापाच्या काचेच्या नळीत १०० मिली पेट्रोल घ्यावं, १० मिली पाणी घालावं, नीट हलवून ठेवावं. तळाचा थर १० वर न थांबता ३० च्या आसपास जातो. वरची जी वाढ झाली ते इथेनॉल. हे काम आगीपासून लांब, मोकळ्या हवेत करावं.

माझा सगळा मुद्दा या बाटलीत आहे. ९५ हा आकडा इथेनॉलमुळे आला होता. पाण्याने इथेनॉल तळाला ओढून नेलं की वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन उतरतं. पंपावर ९५ घेतलं, टाकीत ते ९५ राहिलं नाही, आणि तळातून इंजिनात गेलं ते पाणी आणि इथेनॉल. भामरागड तालुक्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो, गावातल्या किराणा दुकानात पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत ठेवलेलं पेट्रोल हाच आधार असतो. ते विकणाऱ्याला मी दोष देणार नाही, पंप लांब असला तर माणसाने करायचं काय? पण त्या ओलसर, दमट हवेत झाकण सैल असलेल्या बाटलीत महिनाभर राहिलेलं पेट्रोल कुठल्या आकड्याचं, हे कुणालाच सांगता येणार नाही. रात्री रुग्णाला दवाखान्यात न्यायला निघालेल्या मोटारसायकलीच्या टाकीत तेच पेट्रोल असतं.

इथेनॉलला माझा विरोध नाही. परकीय चलन वाचतं, उसाला, मक्याला, तांदळाला गिऱ्हाईक मिळतं, आणि आपण धानवाले आहोत. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलविरुद्धची याचिका फेटाळली, तोही विषय संपला. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं, की मुळात इथेनॉलविना पेट्रोलसाठी बनवून ई१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीचं मायलेज ६-७ टक्क्यांनी आणि दुचाकीचं ३-४ टक्क्यांनी घटू शकतं, आणि जुन्या गाड्यांच्या रक्षणासाठी ई१० उपलब्ध ठेवावं. ते ई१० आज कुठे आहे? ब्राझीलचा दाखला देणाऱ्यांनी हेही सांगावं, की तिथे ३० टक्के मिसळतात, पण बहुतेक गाड्या मुळातच कोणत्याही प्रमाणाला चालतील अशा बनतात. युरोपात २०१८ पासून पेट्रोलच्या प्रत्येक नोझलवर गोल चिठ्ठी असते आणि तिच्यावर ई५ की ई१० ते छापलेलं असतं. आपल्या नोझलवर काय असतं? एखादं आकर्षक नाव, धावणाऱ्या गाडीचं चित्र, आणि भाव.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांनी तेल कंपन्यांकडे आग्रह धरावा, की प्रत्येक नोझलवर आरओएन आणि इथेनॉलची टक्केवारी मराठीत, ठळक लिहावी. जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलंय का, ते पाणी दाखवणाऱ्या पेस्टने पावसाळ्यात रोज तपासावं आणि ती नोंद गिऱ्हाइकाला पाहू द्यावी. दोन्ही जिल्ह्यांत निदान एकेका पंपावर ई१० ठेवावं. वनखात्याच्या जुन्या गाड्या, सफारीच्या जिप्स्या आणि पंप-जनरेटर चालवणारे शेतकरी यांना त्याची खरी गरज आहे.

तोवर गाडीमालकांनी गाडी उभी करताना टाकी काठोकाठ भरून ठेवावी किंवा पूर्ण रिकामी करून कार्बोरेटर कोरडा करावा, झाकणाचा रबर बदलावा, आणि ऑक्टोबरमध्ये जुनं पेट्रोल इंजिनात जाऊ देऊ नये. एटीव्ही घेणाऱ्यांनी आधी पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा पाहावी, मग ऑक्टेन. १०० ऑक्टेनचं, इथेनॉल नसलेलं पेट्रोल महानगरांतल्या निवडक पंपांवर मिळतं. ते आणायची सोय नसेल, तर १० टक्क्यांच्या वर नको म्हणणारी गाडी या भागात घेऊच नये.

कोअर १ जुलैला बंद होतं. नोझलवर चिठ्ठ्या लावायला तेवढा अवधी पुरे आहे.

आपला,
एक मेकॅनिक वाचक, चंद्रपूर