ढगातले नायक आणि किनाऱ्यावरचे पहारेकरी

टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्सवर ज्यांचे बालपण गेले, त्यांना बझ सॉयर नक्की आठवत असेल. १९६४ ते १९९० या काळात निघालेली ही मालिका मराठीतही येत असे आणि फँटम, मँड्रेक यांच्या जोडीला हा अमेरिकन वैमानिक अधूनमधून हजेरी लावून जाई. चित्रकथेतल्या वैमानिकाचा थाट ठरलेला असतो. डोक्यावर चामड्याची टोपी, कपाळावर चढवलेला गॉगल, गळ्यात रुमाल आणि ओठांवर बेफिकीर हसू. एक विमान, एक शत्रू, आणि शेवटच्या चौकटीत शत्रूचा खात्मा. देशोदेशींच्या मुलांनी विमान पहिल्यांदा पाहिले ते याच चौकटींमध्ये.

या कागदी वैमानिकांच्या काळात खरेखुरे हौशी वैमानिकही होते. १ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या सहा दिवस आधी, अमेरिकेत ‘सिव्हिल एअर पेट्रोल’ नावाची संघटना स्थापन झाली. गिल रॉब विल्सन हे तिचे प्रमुख शिल्पकार. वयामुळे किंवा तब्येतीमुळे लष्करात घेता न येणारे, पण विमान चालवता येणारे नागरिक तिच्यात आले. व्यापारी, शेतकरी, डॉक्टर, गॅरेजवाले असे नाना धंद्यांचे लोक. पुष्कळांनी आपले स्वतःचे छोटे विमानही बरोबर आणले.

१९४२ च्या जानेवारीपासून जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत तेलवाहू जहाजे बुडवण्याचा सपाटा लावला. नौदलाकडे पुरेशी विमाने नव्हती. तेव्हा मार्च १९४२ पासून हे नागरिक समुद्रावर गस्त घालू लागले. एका इंजिनाचे विमान, खाली थंडगार अटलांटिक आणि सुरुवातीला शस्त्र म्हणाल तर फक्त रेडिओ. पुढे पंखांखाली छोटे बॉम्ब बांधले गेले. समुद्रात पडून जगलेल्यांचा ‘डक क्लब’ त्यांनी आपापसात काढला होता. थट्टा असली तरी ती मरणाला शिवून आलेल्यांची थट्टा होती.

लोकप्रिय करमणुकीने ही माणसे उचलली नसती तरच नवल. ‘स्मायलिंग जॅक’ ही वैमानिकाची चित्रमालिका १९३३ ते १९७३ अशी चाळीस वर्षे अमेरिकन वृत्तपत्रांत चालली. तिचा चित्रकार झॅक मोस्ली स्वतः विमान चालवी. तो फ्लोरिडात सिव्हिल एअर पेट्रोलमध्ये दाखल झाला, पाणबुड्यांच्या शोधात उडाला आणि आपल्या मालिकेतून त्याने संघटनेला प्रसिद्धीही दिली. तिकडे रेडिओवर ‘कॅप्टन मिडनाइट’ हा खासगी वैमानिक आपल्या गुप्त पथकासह शत्रूचा फडशा पाडत होता. कार्यक्रमाचे प्रायोजक होते ओव्हल्टीन, आणि गुप्त संदेश उलगडण्याचा बिल्ला मिळवण्यासाठी मुले हट्टाने ते पीत. शौर्य आणि दुधात घालायची पूड यांची अशी सोयरीक तेव्हापासूनची आहे!

यात वावगे काय, असे कोणी विचारील. चित्रकथेने थोडी अतिशयोक्ती केली तर बिघडले कोठे? त्याचे उत्तर थोड्या हिशेबात आहे. ऑगस्ट १९४३ अखेर ही किनारागस्त थांबली, तोवर या वैमानिकांनी ८६,६८५ फेऱ्या केल्या होत्या. उड्डाणाचे तास भरले २,४४,६०० आणि अंतर सुमारे २ कोटी ४० लाख मैल. या सगळ्यात पाणबुडी दिसल्याची नोंद झाली १७३ वेळा. म्हणजे सरासरी एक पाणबुडी दिसण्यासाठी चौदाशे तास उडावे लागले. उरलेल्या तासांत काय दिसले? पाणी. सकाळी पाणी, दुपारी पाणी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाणी.

दोन पाणबुड्या बुडवल्याचा दावा संघटनेने केला होता आणि लोकांच्या स्मरणात राहिला तो तेवढाच. जर्मन नोंदींत मात्र त्याला आधार सापडत नाही. पण त्यामुळे या माणसांची किंमत कमी होते का? माझ्या मते मुळीच नाही. विमान दिसले की पाणबुडीला बुडी मारावी लागे, आणि पाण्याखाली तिचा वेग निम्म्याहूनही कमी होई. तेवढ्या वेळात तेलाचे जहाज निसटून जाई. वरच्या विमानात बॉम्ब आहे की नुसती थर्मासमधली कॉफी, हे खालच्या कप्तानाला कसे कळणार? पहारा हेच त्यांचे शस्त्र होते. त्यासाठी गस्तीवरच्या २६ जणांनी प्राण दिले आणि ९० विमाने गेली. चित्रकथेला बुडणारी पाणबुडी काढता येते. न बुडालेले जहाज कसे काढणार?

स्त्रियांच्या बाबतीत ही विसंगती अधिकच बोचते. ‘फ्लाइंग जेनी’ ही वैमानिक तरुणी १९३९ ते १९४६ अमेरिकन वृत्तपत्रांत झळकत होती, आणि त्याच काळात प्रत्यक्षातल्या स्त्री वैमानिकांना किनारागस्तीवर जायला मज्जाव होता. लष्कराची विमाने पोचवणाऱ्या ‘वास्प’ या नागरी दलातील हजाराहून अधिक स्त्रियांना डिस्नेने फिफिनेला नावाची पंखवाली चिमुकली बोधचिन्ह म्हणून दिली. चित्र मिळाले, सैनिकाचा दर्जा मिळाला नाही. त्यांच्यातल्या ३८ जणी कामावर मृत्यू पावल्या, तेव्हा शव घरी पाठवण्यासाठी मैत्रिणींना वर्गणी काढावी लागे. सरकारने त्यांना माजी सैनिक मानले ते १९७७ साली. विला ब्राउन ही कृष्णवर्णीय वैमानिक १९४२ मध्ये सिव्हिल एअर पेट्रोलची अधिकारी झाली, पण त्या काळच्या रंगीत पानांवर तिच्यासारखी नायिका शोधूनही सापडायची नाही.

मुलांच्या पुस्तकात चौदाशे तासांचा कंटाळा छापावा, असे मी म्हणत नाही. तसे पुस्तक कोण विकत घेईल? शिवाय स्मायलिंग जॅक वाचून विमानतळाकडे वळलेली मुले थोडी नसतील. चित्रकथेचे हे ऋण मान्य केले पाहिजे. पण ज्याचे चित्र मनात असते त्याचीच आठवण समाज ठेवतो आणि आठवण असते त्याचाच सन्मान करतो. या हौशी वैमानिकांना अमेरिकन संसदेचे सुवर्णपदक जाहीर झाले २०१४ साली. गस्त थांबून तेव्हा सत्तर वर्षे उलटली होती. ते हातात घ्यायला फारच थोडे उरले होते.

आपल्याकडे तर चित्रेही निघाली नाहीत. त्याच महायुद्धात मुंबई, कराची, मद्रास, कलकत्ता, कोचीन येथे किनारा संरक्षणाच्या तुकड्या उभ्या राहिल्या. फ्लाइंग क्लबात आणि विमान कंपन्यांत उडणाऱ्यांनी हवाई दलाच्या स्वयंसेवक राखीव दलात नाव नोंदवून वापितीसारख्या जुनाट विमानांतून अरबी समुद्रावर नजर ठेवली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला जवान उतरवले गेले, तेव्हा हवाई दलाच्या जोडीला प्रवासी कंपन्यांची डाकोटा विमाने आणि त्यांचे नागरी वैमानिकही होते. आपल्या मुलांना बझ सॉयर ठाऊक झाला. जुहूच्या धावपट्टीवरून समुद्राकडे उडणारी माणसे मात्र कोणी काढून दाखवली नाहीत.

आज मुलांच्या हातात कॉमिक्सऐवजी पडदा आला आहे, आणि त्यावरचा नायक दोन मिनिटांत जग वाचवतो. त्याला खुशाल पाहू द्यावे. मात्र रविवारी गप्पांना बसल्यावर त्यांना एकदा हेही सांगावे, की एका माणसाने समुद्रावर शेकडो तास घालवले, त्याला काहीच दिसले नाही, आणि तरी दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा विमानात जाऊन बसला. मुले विचारतील, ‘मग त्याने केले तरी काय?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी तयार असायला हवे.