नाव आणि किल्ली



नागपूर जिल्ह्यात, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी खापा नावाचे गाव आहे. हातमागाच्या कापडासाठी ते पूर्वीपासून ओळखले जाते. अशा गावात रस्त्याने जाणाऱ्या मुलाला एखादे आजोबा सहज विचारतात, “कोणाचा गा तू?” मुलगा आपल्या आज्याचे नाव सांगतो आणि ओळख पटते. कारण विचारणाऱ्याने त्या आज्याचा चेहरा, आवाज, चालण्याची ढब वर्षानुवर्षे पाहिलेली असते.

बँकेतील संगणकाने मात्र तुमच्या आज्याला कधीच पाहिलेले नसते. तो क्रमांक विचारतो, आणि मग त्या क्रमांकाचा धनी तोच आहे याचा पुरावा मागतो. ‘मी कोण’ हे सांगणे वेगळे आणि ‘तो मीच’ हे सिद्ध करणे वेगळे. पहिले म्हणजे दारावरची नावाची पाटी. दुसरे म्हणजे कुलपाची किल्ली. या दोहोंची गल्लत झाली की दुसराच कोणी तुमच्या आजीच्या नावाने पैसे काढतो, कर्ज उचलतो किंवा सिमकार्ड घेतो. यालाच ओळखीची चोरी म्हणतात.

प्रथम पाटीचा विचार करू. आपल्या महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली या गावी 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. या क्रमांकात 12 अंक असतात. त्यांतील शेवटचा अंक आधीच्या 11 अंकांवरून गणिताने काढलेला असतो. ही रीत याकोबस व्हरहोफ या डच गणितज्ञाने 1969 मध्ये मांडली. लिहिताना एक अंक चुकला, किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली, तर हा तपासणी-अंक जुळत नाही आणि चूक तत्काळ उघड होते. युक्ती मोठी सुंदर आहे. पण ती चुकणाऱ्याला पकडते, चोरट्याला नाही. चोरटा क्रमांक अगदी बरोबर लिहितो!

आता किल्लीचा विचार करू. चार अंकी पिनचे 10,000 प्रकार होऊ शकतात. तीनदा चुकल्यावर कार्ड बंद होत असेल, तर तो अंदाजाने सापडण्याची संभाव्यता 10,000 मध्ये 3 एवढीच. पण पिन म्हणून जन्माचा दिवस आणि महिना ठेवला, तर शक्यता उरतात फक्त 366. जन्मवर्ष ठेवले तर शंभराच्याही आत. मोबाइलवर येणाऱ्या सहा अंकी ओटीपीचे तर 10 लाख प्रकार होतात. इतके अंदाज करीत बसण्यापेक्षा चोरट्याला सोपा मार्ग असतो. तो सरळ विचारतो!

हे पुण्यात घडलेले आहे. 2005 मध्ये तेथील एम्फसिस कंपनीच्या कॉल सेंटरमधील काही कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकेतील ग्राहकांकडून गोड बोलून त्यांचे पिन काढून घेतले. त्यांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर इतरत्र वळविले. कोणतेही सांकेतिक कुलूप फोडण्याची गरज पडली नाही. किल्ली मालकानेच हातात दिली होती. अमेरिकेतील शिकलेली माणसे जेथे फसली, तेथे आपली आजी फसली तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग बोटाचा ठसा ही पक्की किल्ली का नाही? कागदावर ठसा घेण्याची कल्पना आपल्याच देशात रुजली. 1858 मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला, आणि 1897 मध्ये कोलकात्यात अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले. दोन माणसांचे ठसे सारखे नसतात हे खरे. पण ठसा गुप्तही नसतो. पेल्यावर, दारावर, दस्तऐवजावर तो आपण रोज ठेवून येतो. 2018 मध्ये तेलंगणात जमिनीच्या नोंदणीदस्तांवरील ठशांवरून रबरी नकला करून सिमकार्डे सुरू केल्याचा प्रकार उघडकीस आला. गावोगावच्या बँक प्रतिनिधीकडे आधार क्रमांक आणि बोट, एवढ्यावर पैसे मिळतात. त्यामुळे धोका स्पष्ट आहे. बोट जिवंत आहे की त्याची नक्कल, हे ओळखणारी नवी तपासणी 2023 मध्ये आधार प्राधिकरणाने आणली, हे चांगलेच झाले. तरीही एक फरक राहतोच. पिन चोरीला गेला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. शिवाय हातमागावर किंवा शेतात राबणाऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजतात, आणि खऱ्या मालकालाच यंत्र ओळखत नाही. म्हणून माझे मत असे, की ठसा ही पाटीच समजावी. एकट्या ठशाच्या भरवशावर कोणाच्याही आयुष्याची पुंजी ठेवू नये.

घरी तुम्ही काय करू शकता? पुष्कळ. आधार कार्डाची झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कशासाठी दिली ते व तारीख आडवी लिहा. शेवटचे चारच अंक दिसणारी आधारची प्रतही मिळते, ती चालत असेल तेथे तीच द्या. बिघडलेल्या झेरॉक्स रद्दीत न टाकता फाडा. आजीचे बोट जेव्हा वापरायचे नसेल तेव्हा तिचे ठसे आधारच्या संकेतस्थळावरून कुलूपबंद करून ठेवा. घरातील प्रत्येकाच्या नावावर किती सिमकार्डे आहेत, ते ‘संचार साथी’वर पाहा. घरच्यांची जन्मवर्षे पिन म्हणून वापरात असतील तर ती आजच बदलायला लावा. आणि फसवणूक झालीच तर क्षणही न दवडता 1930 या क्रमांकावर कळवा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी तो अडविता येण्याची शक्यता असते.

हा क्षण वाया जातो तो बहुधा भीतीमुळे. “पोरे रागावतील” म्हणून आजोबा दोन दिवस गप्प बसतात, तेवढ्यात चोरटा दूर निघून जातो. म्हणून सर्वांत आधी त्यांना हे सांगा, की “असा फोन आला तर मला हाक मारा, फसलात तरी मी बोलणार नाही.” तपासणी-अंक लिहिण्यातली चूक पकडतो. घरातल्या माणसाची चूक पकडायला मात्र, तिला न रागावता ऐकून घेणारे कोणीतरी जवळ असावे लागते. ते काम तुमचे आहे.