इंग्रजी शिकवायलाही शिकावे लागते

२०११ साली गोवा सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचे ठरवले, तेव्हा आपली माणसे रस्त्यावर उतरली. योग्यच झाले. पण हळर्णच्या पालकाला मराठी शाळेतच चांगले इंग्रजी हवे आहे, त्याचे काय? बँकेत रोज पाहतो, व्याकरण पाठ असलेला पदवीधरही इंग्रजीत चार ओळींचा अर्ज लिहिताना घाम पुसतो.

इंग्रजी येणे वेगळे, ती परकी भाषा म्हणून शिकवणे वेगळे. 'ए', 'द' ही उपपदे मराठीत नाहीत. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना आपला एकच 'व'. मूल नेमके तिथेच अडखळते. हैदराबादला १९५८ साली सुरू झालेली केंद्रीय संस्था, आजचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ, शिक्षकांना हेच शिकवते. आपल्या डी.एड. झालेल्या मुलामुलींनी असे शिक्षण घ्यावे. मोर्चाच्या बसभाड्याला वर्गणी काढतो, तशी त्यांच्या फीलाही काढू.