ग्राम्य म्हणजे काय?

'रामलक्ष्मण' या नावाने प्रसिद्ध असलेले संगीतकार विजय पाटील मे २०२१ मध्ये नागपुरास निवर्तले, तेव्हा 'मैंने प्यार किया' (१९८९) आणि 'हम आपके हैं कौन' (१९९४) या चित्रपटांच्या संगीताचा गौरव झाला. तो यथायोग्यच होता. परंतु ज्या मराठी कामातून हे नाव जन्मास आले, त्याविषयी आमचे सुशिक्षित रसिक बोलतात ते बाळपणीची खोडी सांगावी अशा सुरात, याचे आम्हांस वैषम्य वाटते. खाली गावरान गंमत आणि वर संगीत, अशी पायरी त्यांच्या मनात कायमची बांधलेली आहे.

हकीकत थोडकी आहे. सुरेंद्र व विजय पाटील हे दोघे वाद्यवृंदाच्या शहरी हवेतले. पाटील अकॉर्डियन व पियानो वाजवीत. दादा कोंडक्यांनी त्यांच्या हाती 'पांडू हवालदार' (१९७५) दिला. 'राम-लक्ष्मण' हे नाव ठेविले तेही दादांनीच. मागून 'तुमचं आमचं जमलं' (१९७६) आला. 'एजंट विनोद' (१९७७) हा हिंदी चित्रपट स्वीकारल्यावर थोड्याच काळात सुरेंद्र वारले आणि जोडी मोडली. पाटलांनी मात्र गेलेल्या सोबत्याचे नाव अखेरपर्यंत आपल्या नावाआधी चालविले.

आक्षेपक म्हणतात, वाद्यवृंदातल्या मंडळींनी चार दिवस ढोलकी जवळ केली, हे लोकसंगीत नव्हे, सोंग होय. सोंग खरे, पण सोंग्या हे तमाशातले मानाचे पात्र आहे, हे या शुद्धिवाद्यांस कोणी सांगावे! शिवाय शुद्ध गाव म्हणजे तरी कोणते? दादांचे मूळ गाव भोर तालुक्यातील इंगवली. जन्म मात्र १९३२ साली मुंबईच्या नायगावात, गिरणीकामगाराच्या घरी. भोर-वेल्ह्याच्या मावळात पाऊस उदंड, भातखाचरे मात्र अरुंद. तेव्हा तिकडचे किती तरी पुरुष पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत शिरले आणि गाव चाळीत वसले. त्या चाळीच्या जिन्यात गोंधळ्याचे संबळ आणि वरातीचा बँड एकाच कानाने ऐकले जात. दादा स्वतः तारुण्यात बँडमध्ये वाजवीत असत. अशा माणसाच्या चित्रात ढोलकीशेजारी परदेशी वाद्य आले तर ती भेसळ कशी ठरते?

खरा घोटाळा एका शब्दात आहे. मम्मटाने काव्यदोषांत 'ग्राम्य' हा एक दोष गणला. तेव्हापासून गावचे ते असभ्य, हा निवाडा आमच्या भाषेत साक्षीपुराव्यावाचून चालत आलेला आहे. 'पांडू हवालदार'मध्ये हसू येते ते शेतकऱ्याचे नव्हे, वर्दीचे. त्यापूर्वी वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) या वगात दादांनी रंगभूमी गाजविली, तेथेही रेवडी उडते ती राजदरबाराची. कुणब्याने सत्तेस हसावे हे ज्यांस खपत नाही, त्यांनी तसे उघड म्हणावे. काव्यशास्त्रास मध्ये ओढू नये.

द्व्यर्थी शब्दांचा दादांचा सोस पुढे पुढे कंटाळवाणा झाला, हे आम्ही नाकारीत नाही. हिंदीत तर त्याने कळस गाठला. पण रामजोशी आणि होनाजी बाळा यांच्या लावण्यांतील शृंगार आम्ही पाठभेदांसह छापतो, त्यावर व्याख्याने देतो. म्हणजे दोनशे वर्षांची धूळ बसली की तीच गोष्ट वाङ्मय होते, आणि गिरणगावच्या माणसाने चित्रगृहात पैसे मोजून ऐकली की चावटपणा! हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

राम कदमांनी 'सोंगाड्या'ला (१९७१) दिलेले संगीत आणि या जोडीने 'पांडू हवालदार'ला दिलेले संगीत, यांत चारच वर्षांचे अंतर आहे. एक तमाशाच्या ढंगात मुरलेला, दुसरे दोघे वाद्यवृंदातून आलेले. दोन्ही ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून, ठेका कोठे बदलला, कोणती वाद्ये वाढली आणि थट्टेला त्याने किती धार आली, एवढे तरी आमच्या संगीतसमीक्षकांनी कान देऊन ऐकावे आणि मग 'ग्राम्य' हा शब्द लेखणीवर घ्यावा.