020 म्हणजे 16: कॉन्फिग फाइलची गंमत

"कॉन्फिग फाइल वाचायला लायब्ररी कशाला? चार ओळींचा कोड आहे!" हे वाक्य तुम्ही ऑफिसात ऐकलं असेलच. म्हणणारा बहुधा सीनियर असतो, त्यामुळे कोणी वाद घालत नाही. मी आज घालणार आहे. (शनिवार आहे, वेळ आहे.)

माझं म्हणणं थोडक्यात असं. सेटिंग्जची फाइल एकाच जागी वाचावी, ती लायब्ररीकडून वाचावी आणि प्रोग्राम सुरू होतानाच ती तपासून घ्यावी. काही खटकलं तर प्रोग्राम सुरूच होऊ नये. मधेच कुठेतरी चुकीचा आकडा घेऊन चालत राहणारा प्रोग्राम मला अडून बसलेल्या प्रोग्रामपेक्षा जास्त धोकादायक वाटतो.

उदाहरण घरचंच घेतो. आमच्या ट्रेकिंग ग्रुपसाठी एका मित्राने पायथनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहिलाय. कर्जत-खालापूर भागात रविवारी कुठे जायचं असेल तर शुक्रवारी रात्री तो निरोप तयार करतो: लोकल कितीची, खालापूरच्या टोलनाक्यावरून येणाऱ्यांना टोल किती, पावसाचं काय. हे सगळे आकडे यामल फाइलमध्ये.

आता यामल दिसायला फार गोड. पण पायथनची पाययामल ही लायब्ररी यामलच्या 1.1 या आवृत्तीचे नियम पाळते, आणि त्या नियमांत शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा धरतात. म्हणजे पुण्याचा एसटीडी कोड 020 अवतरणचिन्हांशिवाय लिहा, प्रोग्रामला मिळतात 16. मुंबईचा 022 लिहा, मिळतात 18. कर्जतचा 02148 मात्र सहीसलामत येतो! कारण त्यात 8 आहे, अष्टमानात 8 हा अंकच नाही, म्हणून लायब्ररी त्याला मुकाट्याने मजकूर समजते. खोपोली-खालापूरचा 02192 असाच 9 मुळे वाचतो. थोडक्यात, कर्जतकराने टेस्टिंग केलं तर सगळं बरोबर, आणि पुणेकराच्या हातात गेलं की बोंब.

वेळेची तर आणखी मजा. 17:10 असं लिहिलं की 1.1 च्या नियमाने तो साठच्या पटीतला आकडा होतो: 17 गुणिले 60 अधिक 10, म्हणजे 1030. पण 07:10 शून्याने सुरू होतं, म्हणून तो मजकूरच राहतो. सकाळच्या लोकल शाबूत, संध्याकाळच्या परतीच्या लोकल गायब. यामल 1.2 मध्ये (2009 साली) हे नियम बदलले खरे, तिथे 020 चे 16 होत नाहीत, 20 होतात. शून्य गेलं ते गेलंच.

"मग टाईप तपासणारी लायब्ररी लावा की!" बरोबर, मी तेच म्हणतोय. पायडँटिक वापरा. एसटीडी कोड हा मजकूर असला पाहिजे असं एकदा सांगितलं की तिची दुसरी आवृत्ती (2023 ची) 16 हा आकडा बघून सरळ एरर देते. पहिली आवृत्ती त्याच आकड्याचा गुपचूप "16" असा मजकूर करून पुढे जायची. लायब्ररी 'लावली' एवढ्याने भागत नाही ते असं. ती किती कडक आहे हे बघावं लागतं. वेळेच्या बाबतीत तर दुसरी आवृत्तीही फसते. 1030 हे मध्यरात्रीपासूनचे सेकंद आहेत असं धरून ती खुशाल 12 वाजून 17 मिनिटं 10 सेकंद अशी वेळ काढते. रात्रीचे! एरर नाही, काही नाही.

म्हणून माझं मत टॉमलच्या बाजूने. त्यात 020 लिहिलंत तर फाइल वाचलीच जात नाही, आणि वेळेसाठी स्वतंत्र प्रकार आहे. पायथन 3.11 पासून (2022) ती वाचायची सोय पायथनमध्येच आहे. पासवर्ड वगैरे या फाइलमध्ये नकोतच, ते बाहेरून द्यावेत, हे आता सगळ्यांना पाठ आहे.

दुसरा मुद्दा टोलचा. एक्स्प्रेसवेचा टोल दर तीन वर्षांनी 18 टक्के वाढवायचं ठरलेलं, त्यामुळे हुशार माणूस कोडमध्ये सूत्र लिहितो. मुंबई-पुणे पूर्ण प्रवासाचा मोटारीचा दर 2017 मध्ये 230 होता. सूत्राने 271 रुपये 40 पैसे येतात, पण 1 एप्रिल 2020 ला पाटीवर लागले 270. पुढे 318 रुपये 60 पैसे येतात, आणि 1 एप्रिल 2023 ला लागले 320. तेव्हा सूत्र सोडा. रक्कम आणि 'कधीपासून' ही तारीख फाइलमध्ये लिहा. जुनी ओळ पुसू नका, मागच्या ट्रेकचा हिशोब त्यावरच लागतो.

आणि पाऊस. इथे गंमत संपते. कर्जत दोन आहेत: एक आपलं रायगडातलं, दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं (2024 पर्यंत अहमदनगर). फाइलमध्ये नुसतं 'कर्जत' लिहिलं तर घाटापलीकडच्या दुष्काळी तालुक्याचा कोरडा अंदाज वाचून लोक कोकणातल्या पावसात चढायला लागतील. म्हणून नावाऐवजी अक्षांश-रेखांश, आणि रेखांश 74 च्या आत असल्याची तपासणी. हवामान खात्याच्या हिशोबात 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून मुसळधार, 115.6 पासून अति मुसळधार, 204.4 च्या वर अत्यंत मुसळधार. दशांशचिन्ह विसरून कोणी 645 लिहिलं तर इशारा कधीच जाणार नाही. तिन्ही आकडे चढत्या क्रमाने आहेत ना, ही एक ओळीची तपासणी ती चूक पकडते.

पण आकडा बरोबर असून यादीच अपुरी असेल तर? 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पोटाशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असं तेव्हा विधानसभेत सांगण्यात आलं. तो प्रश्न सॉफ्टवेअरचा नव्हता, आणि कुठलीही लायब्ररी तो सोडवणार नाही. फाइलमध्ये जे लिहिलेलंच नाही ते ती कशी तपासणार?

मित्राने त्यानंतर आपल्या फाइलमध्ये प्रत्येक ट्रेकपुढे 'शेवटचं कोणी आणि कधी विचारलं' अशा दोन रकाने सक्तीचे केले. जून ते सप्टेंबर ती तारीख दहा दिवसांपेक्षा जुनी असली की प्रोग्राम अडतो. एका शुक्रवारी असाच अडला. ग्रुपवर कुरकुर झाली, तारीख नुसतीच बदलून टाका असंही कोणीतरी म्हणालं. शेवटी एकाने वरच्या वाडीतल्या ओळखीच्या घरी फोन लावला. निरोप रात्री साडेअकराला गेला: या रविवारी नको.