कॉर्टिसोल डिटॉक्स? आधी दिवसा लाइट द्या!

माझ्या इन्स्टाला हल्ली कॉर्टिसोलचं वेड लागलंय. चेहरा सुजलाय? कॉर्टिसोल फेस. पोट सुटलंय? कॉर्टिसोल बेली. उपाय काय, तर सकाळी उठून संत्र्याचा रस, नारळपाणी आणि चिमूटभर मीठ. नाव 'कॉर्टिसोल कॉकटेल'. माझ्या रूममेटने चार दिवस केलं, पाचव्या दिवशी संत्री संपली.

सुट्टीत हेच रील मामाला दाखवलं. मामाचं शेत आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडे, डिंभ्याच्या उजव्या कालव्यावर. रात्रीचे साडेदहा झाले होते. त्या आठवड्यात मोटारीला लाइट रात्रीची होती. मामा एका हातात बॅटरी, एका हातात काठी आणि खिशातल्या मोबाइलवर फुल्ल आवाजात गाणी लावून उसाला पाणी द्यायला निघाला होता. म्हटलं, "मामा, भीती नाही वाटत?"

"वाटती की. पन मोटार कोन चालू करनार, वाघ?"

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.

त्या रात्री मला दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आठवलं. संप्रेरकं, अधिवृक्क ग्रंथी, पियुषिका. आपण सगळ्यांनी जोड्या लावा करून दोन मार्क मिळवले आणि विसरून गेलो. उसात काहीतरी खसफसलं की मामाच्या अंगात काय होतं, ते त्या जोड्यांमध्ये होतं.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्याच अधिवृक्क. खसफस ऐकली की मेंदूकडून नसांमार्फत त्यांना थेट निरोप जातो आणि काही सेकंदांत अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरतं. छाती धडधडते, बुबुळं मोठी होतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, पचन थांबतं. पळायचं की काठी उगारायची, दोन्हीची तयारी. बिबट्या नसून मुंगूस निघालं, तर काही मिनिटांत सगळं ओसरतं.

पण पाठोपाठ दुसरं आवर्तन सुटलेलं असतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस पियुषिकेला सांगतो, पियुषिका अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थराला सांगते आणि कॉर्टिसोल सुटतं. हे सावकाश चढतं, वीस-तीस मिनिटांनी टिपेला जातं आणि उतरायलाही वेळ घेतं.

आवर्तन हा शब्द मी मुद्दाम वापरला. डिंभ्याला जाऊन आलेल्यांना हे पटकन कळेल. घोड नदीवरचं हे साडेतेरा टीएमसीचं धरण, कागदोपत्री हुतात्मा बाबू गेनू सागर. याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंचं नाव. इथून डावा कालवा येडगाव धरणाकडे जातो, उजवा आंबेगाव-शिरूरकडे. कालव्याचं पाणी शंभर शेतांच्या कडेने जातं, पण आत शिरतं ते चारीचं दार उघडं असलेल्या शेतातच. संप्रेरकांचंही तसंच. ती रक्तातून सगळीकडे फिरतात, पण ज्या पेशीवर त्यांच्यासाठी ग्राही असेल तीच त्यांचं ऐकते. अ‍ॅड्रेनॅलिनने हृदय जोरात पळतं आणि त्याच अ‍ॅड्रेनॅलिनने आतडं गप्प बसतं, कारण दोघांची दारं वेगळी. कॉर्टिसोलची दारं तर जवळपास सगळ्याच पेशींवर असतात. एक फरक मात्र आहे. रक्ताची एक फेरी साधारण मिनिटभरात पूर्ण होते, त्यामुळे शरीरात टेलला पाणी पोचलं नाही म्हणून मोर्चा निघत नाही.

धरणावर जसं पुरे झालं की दार खाली घेतात, तसं कॉर्टिसोल पुरेसं झालं की तेच मेंदूला जाऊन सांगतं, आता बंद कर. म्हणजे कॉर्टिसोल हा काही व्हिलन नाही. पहाटे ते वाढतं म्हणून आपण अंथरुणातून उठतो. मध्यरात्रीच्या सुमाराला ते सगळ्यात कमी असायला हवं. त्या वेळी अंधारात मेलॅटोनिनची पाळी असते, तेही डोळ्यावर उजेड पडला की कमी होतं.

आता मामाची रात्र बघा. मध्यरात्री डोक्याला बॅटरी, समोर दहा फूट ऊस, कान टवकारलेले. ज्या वेळी दार बंद पाहिजे त्याच वेळी पाणी सोडलेलं. एक रात्र चालून जाते. पण हे महिन्यातले निम्मे दिवस, वर्षानुवर्षं चाललं तर झोप मोडते, रक्तातली साखर आणि बीपी वाढायला हातभार लागतो, प्रतिकारशक्ती मार खाते. सततच्या ताणाने पाळीचं चक्रही बिघडू शकतं, कारण त्याचे आदेशही त्याच हायपोथॅलॅमसमधून निघतात. पहाटेची एसटी पकडायला उसाच्या कडेने चालत जाणाऱ्या मुलींच्या बाबतीत याचा कुणी विचार केलाय का?

ही भीती मनाची नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तीनेक आठवड्यांत दोन लहान मुलं आणि एक वृद्ध आजी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. लोकांनी पुणे-नाशिक हायवे अडवला. शेतात जाताना बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालायला लागल्या. डिसेंबरमध्ये जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेश करून नागपूरच्या अधिवेशनाला गेले, त्यावर मीम्स झाले, आपण हसलो. मीही शेअर केलं होतं.

आणि बिबट्या इथे आला कसा? कालवा आला, ऊस आला. उसात लपायला जागा, प्यायला पाणी, खायला कुत्री आणि शेळ्या. उसातच जन्मलेल्या पिल्लांना ऊस हेच जंगल. 'पकडा आणि लांब सोडा' म्हणणाऱ्यांनी विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांचा २०११ मधला अभ्यास वाचावा, तो जुन्नरचाच आहे. बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले कमी नाही, वाढले होते. पिंजरा, गर्दी, शेकडो माणसांचा आरडाओरडा, मग अनोळखी रान. अधिवृक्क ग्रंथी बिबट्यालाही असतात.

मला राग येतो तो या गोष्टीचा की एक खातं गावात फलक लावतं, 'रात्री एकट्याने शेतात जाऊ नका', आणि दुसरं खातं मोटारीची लाइट रात्री देतं. दोन्ही खाती एकाच सरकारची. शरीरातसुद्धा पियुषिका आणि अधिवृक्क ग्रंथी एकमेकींशी बोलतात हो! दिवसा वीज द्यायची म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ पासून तिची दुसरी आवृत्ती चालू आहे. मग क्रम लावताना बिबट्याच्या पट्ट्यातले फीडर सगळ्यात आधी का नकोत? जुन्नर, आंबेगाव, शिरूरमधला प्रत्येक फीडर दिवसाचा झाला तर बिबटे कमी होणार नाहीत, पण माणूस आणि बिबट्या यांची वेळ तरी वेगळी होईल.

'स्ट्रेस मॅनेज करा' हा सल्ला ऐकला की मला आता मामाच दिसतो. त्याने काय मॅनेज करायचं? दीर्घ श्वास घ्यायचा, मेडिटेशन करायचं? बांधावर डोळे मिटून बसला तर बिबट्याचीच सोय. कॉलेजमधल्या स्ट्रेसची मी थट्टा करत नाहीये, सबमिशनच्या आदल्या रात्री माझीही छाती तशीच धडधडते. पण ताणाचं कारण बाहेर असेल तर ते बाहेरच मिटवावं लागतं. ग्लासात लिंबू-मीठ ढवळून हायपोथॅलॅमसला फसवता येत नाही.

त्या रात्री मामीही जागीच होती. त्यांचं ठरलेलं आहे, तिने दर तासाला मिस्ड कॉल द्यायचा, मामाने कट करायचा. कट झाला म्हणजे ठीक आहे. सव्वादोनचा कॉल वाजतच राहिला. मामीने पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. मी अंथरुणात उठून बसले, तळहात गार पडलेले. मग कट झाला. मोटारीच्या आवाजात ऐकूच आलं नव्हतं त्याला.

पहाटे चारला मामा आला, चहा घेतला आणि आडवा झाला. मामी मात्र उजाडेपर्यंत चुलीपाशी बसून होती. झोप येत नाही म्हणाली.