गाणं परिशिष्टात का?

अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात २०१७ साली ए. डी. कार्सन यांनी पीएच.डी.चा प्रबंध म्हणून ३४ रॅप गाण्यांचा अल्बम सादर केला आणि पदवी मिळवली. हे विद्यापीठ उभं आहे ते गुलामगिरीचे कट्टर समर्थक जॉन कॅल्हून यांच्या मळ्यावर. तिथे काळ्या माणसाचा आवाज कसा ऐकला जातो, हा प्रश्न आवाजातच मांडायला हवा होता. कार्सन यांचा नंतरचा एक अल्बम मिशिगन विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने २०२० मध्ये तज्ज्ञांकडून तपासून प्रसिद्ध केला.

आपल्याकडचं एक उदाहरण सांगते. मी संगीत शिकवते, संशोधकांना मार्गदर्शन करते. लोकशाहीर वामनदादा कर्डकांपासून आजच्या डीजेपर्यंत भीमगीत कसं बदललं, यावर माझी एक विद्यार्थिनी काम करते आहे. मुलाखती झाल्या, वाचन झालं. मग तिने स्वतः एक गीत रचलं आणि जुन्या आणि डीजेच्या अशा दोन्ही तऱ्हांनी ध्वनिमुद्रित केलं. ढोलकी आणि कोरस होता तोवर सगळं सुरळीत. कोरस काढून मशीनचा ठेका लावला, लय चढवली, तसा दुसऱ्या कडव्यात गायकाचा दम तुटायला लागला. कोरस ध्रुवपद उचलतो तेवढ्यात गायक श्वास घेतो. ती जागाच गेली होती. शेवटी कडव्यातले शब्द कापावे लागले. डीजेवरच्या गीतांत कडवी आखूड आणि घोषणा जास्त का, याचं एक कारण तिच्या हाती लागलं. मुलाखतींत हे कुणीच सांगितलं नव्हतं.

तिच्या प्रबंधाच्या समितीने दोन्ही ध्वनिमुद्रणं ऐकली, कौतुक केलं आणि ती परिशिष्टात जोडायला सांगितली. मला हे मान्य नाही. जिथे शोध लागला तेच परिशिष्टात?

उद्या कुणीही गाणं करून पदवी मागेल, अशी भीती घालतात. तपासणी कडक ठेवा ना! गाण्यामागे प्रश्न हवा, चाल-ठेका कुठून घेतला त्याची नोंद हवी, टाकून दिलेली ध्वनिमुद्रणंही परीक्षकांपुढे हवीत. आणि परीक्षकांत ढोलकी व मिक्सिंग जाणणारं कुणीतरी हवंच.

संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी लक्षणगीतं रचली, रागाची लक्षणं त्याच रागात गाऊन सांगणारी. त्यांना आपण शास्त्र म्हणतो. मग मिरवणुकीतल्या भीमगीतापाशी हात का आखडतो?

सुरुवात लहान चालेल. ध्वनिमुद्रणाला प्रबंधातल्या प्रकरणाचा दर्जा द्या आणि मौखिक परीक्षेत त्यावर हवे तितके कठीण प्रश्न विचारा. माझी विद्यार्थिनी उत्तरं द्यायला तयार आहे.